रक्षकाचा जमाखर्च

१४ मे ही तारीख जवळ आली की फिजीमधल्या आणि फिजी सोडून ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडात स्थिरावलेल्या भारतीय वंशाच्या लोकांत एक जुना वाद पुन्हा डोके वर काढतो. १८७९ साली याच दिवशी 'लिओनिडास' हे जहाज कलकत्त्याहून साडेचारशेहून अधिक गिरमिटियांना, म्हणजे 'गिरमिट' ऊर्फ ॲग्रीमेंटच्या कराराने बांधलेल्या मजुरांना, घेऊन फिजीला पोहोचले. आणि बरोबर एकशे आठ वर्षांनी, १९८७ साली, याच दिवशी लेफ्टनंट कर्नल सितिवेनी राबुका याने संसदेत सैनिक घुसवून निवडून आलेले सरकार उलथवले, कारण त्या सरकारात भारतीयांचे वजन फार झाले असे त्याचे म्हणणे होते. या दोन तारखांच्या मध्ये ज्याला उभे करून वादी आणि प्रतिवादी भांडतात, तो माणूस म्हणजे फिजीचा पहिला कायम गव्हर्नर सर आर्थर हॅमिल्टन गॉर्डन. एका पक्षाच्या मते त्याने मूळ फिजियनांची जमीन आणि समाज वाचवला, म्हणून तो साम्राज्याच्या इतिहासातला दुर्मीळ सज्जन. दुसऱ्या पक्षाच्या मते त्यानेच भारतीयांना गुलामीसारख्या कराराने आणून एका बेटावर एकमेकांना परक्या दोन जमाती कायमच्या समोरासमोर उभ्या केल्या, म्हणून तो साऱ्या अनर्थाचे मूळ.

हा वाद चुकीच्या पायावर चालतो असे मला वाटते. गॉर्डन मनाने चांगला होता की वाईट, हा प्रश्न त्याच्या चरित्रकाराने सोडवावा. सार्वजनिक प्रश्न वेगळा आहे: त्याने ज्यांचे रक्षण केले त्या रक्षणाचा खर्च कोणाच्या नावावर टाकला, आणि टाकताना तो खर्च किती असतो हे त्याला ठाऊक होते काय? माझे उत्तर असे की, तो खर्च त्याने जाणूनबुजून तिसऱ्याच माणसाच्या नावावर टाकला. त्याची दया खरी होती, आणि तिची वसुलीही तितकीच खरी होती. या दोन गोष्टींपैकी एक खोटी ठरवल्याशिवाय आपल्याला त्याच्याविषयी बोलता येत नाही, हीच या वादाची खरी अडचण आहे.

गॉर्डनची कारकीर्द समजून घेतल्याशिवाय हे पटणार नाही, कारण फिजी हा तिचा मधला टप्पा होता. ब्रिटनचा एकेकाळचा पंतप्रधान लॉर्ड ॲबर्डीन याचा हा धाकटा मुलगा, जन्म १८२९चा. १८६१ साली तो आजच्या कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकचा लेफ्टनंट गव्हर्नर झाला. तिथे लोकनियुक्त मंत्रिमंडळापुढे गव्हर्नरने सहीपुरते उरायचे असते, हे त्याला कळले आणि मुळीच आवडले नाही. पुढे १८६६ साली त्रिनिदाद मिळाले तेव्हा तो रमला, कारण ती राजसत्तेखालची थेट वसाहत होती आणि तिथे गव्हर्नरच्या हातात खरी सत्ता असे. त्रिनिदादमध्ये त्याने सरकारी पडीक जमीन लहान तुकड्यांत विकायला काढली. कराराची वर्षे पुरी केलेल्या भारतीय मजुरांना परतीच्या फुकट प्रवासाचा हक्क सोडल्यास जमीन घेऊन तिथेच वसता येईल, अशी सोय १८६९ साली त्याच्याच कारकिर्दीत झाली. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी.

१८७१ साली तो मॉरिशसला आला. आपल्या दृष्टीने हा टप्पा विशेष जवळचा आहे. फिजीच्या गिरमिटियांत मराठी माणूस शोधून सापडणे कठीण; तिथे गेलेले बहुतेक अवध-भोजपूरकडचे आणि नंतर मद्रासेकडचे. मॉरिशसमध्ये मात्र मुंबई बंदरातून, मुख्यतः रत्नागिरीच्या बाजूने, गेलेली कुळे होती आणि त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणवतात. गॉर्डन आला तेव्हा बेटाच्या लोकसंख्येत भारतीय सुमारे दोन-तृतीयांश झाले होते. करार पुरा करून मोकळे झालेल्यांना 'जुने स्थलांतरित' म्हणत, पण मोकळेपणा नावापुरता होता. १८६७च्या कायद्याने त्यांना स्वतःचे छायाचित्र लावलेला परवाना सतत जवळ बाळगावा लागे. तो नसला की पोलीस त्यांना भटके ठरवून पकडत. हेतू उघड होता. माणसाने कंटाळून पुन्हा मळेवाल्याशी करार करावा. आडोल्फ द प्लेव्हित्झ या एका मळेवाल्यानेच या जुलुमाविरुद्ध अर्ज तयार केला आणि ९,४०१ जुन्या स्थलांतरितांच्या वतीने तो १८७१ साली नव्या गव्हर्नरपुढे ठेवला. बेटावरचे गोरे भडकले. गॉर्डनने मात्र अर्ज टोपलीत टाकला नाही. चौकशी व्हावी या बाजूने तो उभा राहिला, आणि अखेर लंडनहून शाही चौकशी आयोग आला. १८७५ साली त्या आयोगाने दिलेल्या अहवालात गिरमिट पद्धतीची लक्तरे टांगली गेली.

त्याच १८७५ साली गॉर्डन फिजीत उतरला. आता त्याच्या समर्थकांची बाजू पूर्ण जोराने मांडली पाहिजे, कारण ती लंगडी नाही. आदल्या वर्षी, १० ऑक्टोबर १८७४ रोजी, थाकोम्बाउ या सर्वांत बलाढ्य सरदाराने आणि इतर सरदारांनी बेटे ब्रिटिश राणीच्या हवाली केली होती. त्यानंतर सिडनीची भेट आटपून परतलेल्या थाकोम्बाउच्या मंडळींबरोबर गोवराची साथ आली आणि काही महिन्यांत सुमारे चाळीस हजार माणसे गेली. तेव्हाची लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास धरली जाते, म्हणजे चौघांतला एक गेला. जे उरले त्यांच्या जमिनीवर गोऱ्या मळेवाल्यांनी बंदूक, दारू आणि कवडीमोल किमतीच्या बदल्यात दावे लावले होते. पॅसिफिकमधल्या कोणत्याही अनुभवी माणसाने फिजियन लोकांचे पुढे काय होणार हे सांगून टाकले असते. हवाईमध्ये १८४८च्या जमीनवाटपानंतर काही दशकांतच मूळ लोकांच्या पायाखालची भुई साखरवाल्यांकडे गेली आणि १८९३ साली राणीचे सिंहासनही गेले.

फिजीत ते झाले नाही, याचे मोठे श्रेय गॉर्डनला द्यावेच लागेल. गोऱ्यांचे जमिनीवरचे कित्येक दावे चौकशीत फेटाळले गेले आणि मूळ फिजियन कुळांची जमीन विकता येणार नाही अशी व्यवस्था उभी राहिली. आजही देशातली ऐंशी टक्क्यांहून अधिक जमीन त्यांच्या समाईक मालकीची आहे. त्याने सरदारांची महासभा भरवली आणि कारभार शक्य तेवढा त्यांच्या हातून चालवला. पैशातला डोईकर काढून तो वस्तूंत घ्यायला सुरुवात केली: गावाने खोबरे, कापूस, मका, तंबाखू असे पीक ठरल्या मापाने द्यावे, सरकारने ते निविदा मागवून सर्वाधिक भावाने विकावे, आणि कराहून जास्त आलेली रक्कम त्या त्या भागाला परत करावी. पैशातल्या कराचा खरा उपयोग जगभर एकच होता, तो भरण्यासाठी माणसाने मळ्यावर जावे. तो फास गॉर्डनने सोडवला. शिवाय फिजियनांना गाव सोडून मळ्यावर नेण्यावर अटी घातल्या. मळेवाल्यांनी त्याला शिव्या दिल्या त्या याचसाठी.

याहून मोठा पुरावा त्याच्या पुढच्या कारकिर्दीत आहे. १८८० साली तो न्यूझीलंडला गेला. तिथे वसाहतवाल्यांचे स्वतःचे मंत्रिमंडळ होते. माओरी या मूळ लोकांनी पारिहाका या गावी ते-वित्ती आणि तोहू या दोन पुढाऱ्यांच्या नेतृत्वाखाली नांगर चालवून आणि कुंपणे घालून जमीन बळकावण्याला निःशस्त्र प्रतिकार चालवला होता. गॉर्डनची सहानुभूती त्यांच्याकडे होती, हे मंत्र्यांना माहीत होते. १८८१च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात तो फिजीला गेलेला असताना मंत्र्यांनी घाई केली. १९ ऑक्टोबरला त्याच्या जागी काम पाहणाऱ्या मुख्य न्यायाधीशाने पारिहाकाविरुद्धच्या घोषणेवर सही केली, आणि त्याच रात्री गॉर्डन परतला. ५ नोव्हेंबरला सशस्त्र तुकड्या गावात घुसल्या. म्हणजे जिथे गॉर्डनसारख्याच्या हाती सत्ता नव्हती, तिथे काय घडत होते हेही आपल्यापुढे आहे. तेव्हा 'सगळे इंग्रज सारखेच' असे म्हणून त्याला उडवून लावणाऱ्यांनी पारिहाका आणि फिजी यांतला फरक कसा समजवायचा ते सांगावे. मला तरी तो सांगता येत नाही.

इथवर सारे मान्य. पण कर वस्तूंत घेतला, फिजियनाला गावात ठेवले, त्याची जमीन विक्रीतून काढली, तर वसाहतीचा खर्च चालणार कशावर? लंडनच्या खजिन्याला फिजी स्वतःच्या पायावर उभे राहिलेले हवे होते. उत्पन्न हवे तर निर्यात हवी, निर्यात हवी तर ऊस हवा, ऊस हवा तर हात हवेत. सॉलोमन आणि न्यू हेब्रिडीज बेटांवरून फसवून वा बळाने मजूर आणण्याचा जुना धंदा होता, तो अपुरा आणि बदनाम होता. गॉर्डनला आणखी एक ठिकाण माहीत होते, कारण त्रिनिदाद आणि मॉरिशस दोन्ही वसाहती त्याच हातांवर चालत होत्या. फिजियनांच्या संरक्षणाची योजना आणि भारतीय मजुरांची आयात या दोन योजना नव्हत्याच. एकाच योजनेच्या त्या दोन बाजू होत्या, वहीत समोरासमोर मांडलेल्या जमा आणि खर्चासारख्या. फिजियनाला आपल्या गावात, आपल्या सरदाराखाली, आपल्या चालीने राहता यावे म्हणून अवधातल्या बस्ती-गोंड्याकडच्या कोणा शेतमजुराने आरकाट्याच्या, म्हणजे मजूर भरती करणाऱ्या दलालाच्या, थापेला भुलून पाच वर्षांच्या करारावर अंगठा द्यावा, लाइनीतल्या, म्हणजे मळ्यावरच्या मजूरचाळीतल्या, कोंदट खोलीत राहावे, आणि दिवसाचे ठरलेले काम पुरे झाले नाही तर त्या दिवसाची मजुरी गमवावी, अशी ती मांडणी होती. कागदावर पुरुषाला दिवसाला एक शिलिंग आणि बाईला नऊ पेन्स ठरले होते. लाइनीतली माणसे त्या जगण्याला 'नरक' म्हणत.

समर्थकांचे यावर नेहमीचे उत्तर असे, की पुढे हे एवढे वाढेल हे त्या माणसाला कसे कळावे? १८८०च्या अखेरीस तो फिजी सोडून गेला, साठ हजारांहून अधिक माणसे आली ती १९१६पर्यंत, आणि खरा जुलूम केला तो ऑस्ट्रेलियातल्या कलोनियल शुगर रिफायनिंग कंपनीच्या ओव्हरसियरांनी आणि 'सरदार' म्हणवणाऱ्या मुकादमांनी. यातले शेवटचे विधान खरे आहे. पण 'कळावे कसे' हा बचाव दुसऱ्या कोणत्याही गव्हर्नरला एक वेळ शोभला असता, गॉर्डनला शोभत नाही. गिरमिट संपलेल्या माणसाचे काय होते, हे ९,४०१ लोकांच्या अर्जातून कळलेला तो गव्हर्नर होता. बेटावर आणलेले मजूर परत जात नाहीत, दोन पिढ्यांत बहुसंख्य होतात, हे मॉरिशसच्या शिरगणतीत त्याने पाहिले होते. एवढे पुरे नसेल तर आणखी एक गोष्ट पाहावी. 'लिओनिडास' आले तेव्हा गॉर्डन स्वतः फिजीबाहेर होता आणि कारभार विल्यम दे व्हू पाहत होता. हा तोच दे व्हू, ज्याने १८६९ साली ब्रिटिश गयानातल्या मजुरांच्या छळाविषयी लांबलचक पत्र लिहून तिथल्या चौकशीला भाग पाडले होते. एका बेटाच्या कारभारात गिरमिट पद्धतीचे वाभाडे काढायला लावणारे दोन अधिकारी एकत्र येतात आणि त्यांच्याच अमदानीत तीच पद्धत नव्या ठिकाणी सुरू होते. अज्ञानाचा बचाव करायला याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही.

ते भोळे वा ढोंगी होते असे मला म्हणायचे नाही. त्यांची श्रद्धा होती की दोष पद्धतीत नाही, अंमलबजावणीत आहे. चांगला गव्हर्नर, प्रामाणिक संरक्षक अधिकारी, नीट लिहिलेला कायदा असला की गिरमिट माणुसकीने चालवता येते. या श्रद्धेला तडा देणारा युक्तिवाद आपल्याकडून आला, हे इथे नोंदवणे अप्रस्तुत होणार नाही. ४ मार्च १९१२ रोजी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात गिरमिट पद्धत बंद करण्याचा ठराव मांडला, तेव्हा त्यांनी केवळ छळाच्या कहाण्या सांगितल्या नाहीत. ही पद्धत मुळातच अन्यायाची आहे, फसवणुकीवर उभी आहे आणि बळावर टिकलेली आहे, असे त्यांचे म्हणणे होते; म्हणजे ती सुधारायची नसते, मोडायची असते. सरकारी मतांच्या जोरावर ठराव पडला. पण गोखले आणि गॉर्डन यांच्यातले अंतर दयेच्या प्रमाणाचे नव्हते. करार मोडणे हा ज्या व्यवस्थेत फौजदारी गुन्हा ठरतो, तिथे मालक कितीही सज्जन असला तरी मजूर त्याच्या मुठीत असतो, हे एकाला दिसत होते आणि दुसऱ्याला दिसत नव्हते.

याला जोडून दुसरा मुद्दा आहे आणि तो दोन्ही पक्षांना सारखाच अडचणीचा वाटतो. गॉर्डनचे रक्षण ज्यांच्या वाट्याला आले, त्यांनाही ते निखळ लाभले काय? १८७६ साली व्हिती लेव्हू या फिजीच्या सर्वांत मोठ्या बेटाच्या डोंगराळ भागातल्या लोकांनी नवी सत्ता आणि तिच्याबरोबर आलेला धर्म झुगारला, तेव्हा गॉर्डनने गोरी फौज न बोलावता किनाऱ्याकडच्या फिजियनांनाच त्यांच्यावर सोडले, आणि काही म्होरक्यांना फासावर चढवले. फिजियनांचे रक्षण म्हणजे त्याला मान्य असलेल्या फिजियनांचे रक्षण होते. जमिनीचेही तसेच. निरनिराळ्या बेटांवर जमिनीच्या चाली निरनिराळ्या होत्या. त्यातली 'मतांगाली' नावाची एक कुळरचना हीच अनादिकालापासूनची मालक, असे ठरवून ती सर्वत्र लागू करण्यात आली. परंपरा जपायची म्हणून परंपरा घडवली गेली. शिवाय गावाबाहेर पडण्याची वाट अरुंद झाल्याने फिजियन माणूस व्यापारापासून आणि शहरापासून दोन पिढ्या दूर राहिला, आणि मग 'यांना व्यापार जमत नाही' असा शेरा त्याच्याच माथी मारला गेला.

हा प्रकार मराठी वाचकाला अपरिचित नसावा. गॉर्डन फिजीत उतरला त्याच १८७५ सालच्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. 'लिओनिडास' आले त्याच १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्यता कायदा झाला. त्या कायद्याने शेतकऱ्याला कर्जासाठी तुरुंगात टाकणे बंद केले, कोर्टाला व्याज आणि जुने हिशेब तपासायला लावले. काही ठिकाणी त्याने माणसे खरोखर वाचवली. पण सारा? जो रोख पैशात, ठरल्या तारखेला भरायचा म्हणून शेतकरी मुळात सावकाराच्या ओसरीवर जात होता, त्या साऱ्याचे ओझे जवळजवळ तसेच राहिले. सरकारने खलनायक शोधला तो मारवाडी-गुजराती सावकारात. आपण स्वतः वसुली करतो आणि आपणच रक्षण करतो, हे त्या सरकारच्या मनात एकत्र आलेच नाही. गॉर्डनच्या फिजीत हेच जरा वेगळ्या बेरजेने घडले: रक्षणाचा मान सरकारला, कष्ट गिरमिटियाला, नफा कंपनीला, आणि पुढे भांडण गिरमिटियाच्या नातवाचे फिजियनाशी.

तरीही मी भारतीय पक्षाच्या तक्रारीशी पूर्ण सहमत नाही. गॉर्डनने भारतीयांना आणले, एवढ्याने फिजीचे दुखणे अपरिहार्य झाले असे म्हणणे म्हणजे १८८० ते १९८७ या काळातल्या प्रत्येक गव्हर्नराला, कंपनीला, पुढाऱ्याला आणि लष्करी अधिकाऱ्याला निर्दोष सोडणे. १९४६च्या शिरगणतीत भारतीय फिजियनांपेक्षा अधिक भरले ही आकड्यांची बाब झाली. ते भयाचे कारण व्हावे हे राजकारण झाले. गॉर्डनचा गुन्हा मला अधिक नेमका दिसतो. १८७५च्या मार्चमध्ये भारतमंत्री लॉर्ड सॅलिसबरी याने एका खलित्यात असे म्हटले होते की, वसाहतींत जाऊन स्थायिक होणारे भारतीय सर्व बाबतींत स्वतंत्र नागरिक असावेत आणि राणीच्या इतर प्रजेहून त्यांचे हक्क तसूभरही कमी नसावेत. फिजीतले भारतीय पुढारी पुढची कित्येक दशके या वाक्याचा दाखला देत राहिले. पण तो कोणत्याच कायद्यात उतरला नाही, आणि जो गव्हर्नर मतांगालीची मालकी कायद्यात उतरवण्यासाठी एवढा झटत होता, त्याने या दुसऱ्या माणसांसाठी एका कलमाचीही तजवीज केली नाही. फिजियनांना त्याने जागा दिली, भारतीयांना फक्त मुदत दिली.

ते त्याला जमत नव्हते असेही नाही. त्रिनिदादमधली जमिनीची सोय त्याच्याच काळातली होती. फिजीत मात्र तशी सोय झाली नाही, कारण तिथली जमीन एका वचनात आधीच बांधली गेली होती. इथे कोणी म्हणेल की ते वचन पाळणे हेच तर त्याचे मोठेपण होते. मान्य. मग वचन पाळणाऱ्याने दुसऱ्याला आणायचेच कशाला, हा प्रश्न उरतो. आणि मला त्याचे उत्तर साखरेशिवाय दुसरे सापडत नाही.

१८८३पासून सात वर्षे त्याने सिलोनमध्ये काढली, १८९३ साली तो बॅरन स्टॅनमोर झाला आणि १९१२ साली, म्हणजे गोखल्यांचा ठराव आला त्याच वर्षी, वारला. फिजीत त्यानंतर चार वर्षे गिरमिटियांची जहाजे येत राहिली. कंपनीने पुढे मोठे मळे मोडून लहान तुकडे कसायला दिले तेव्हा मुक्त झालेले भारतीय कुळे झाले. १९७६च्या कायद्याने त्यांना तीस वर्षांचे भाडेपट्टे मिळाले आणि १९९७पासून ते एकेक करून संपू लागले. पट्टा नवा झाला नाही की ज्या उसाच्या शेतात आजा-पणजा राबला, ज्याच्या कडेला घर बांधले, आंबा लावला, तिथून कुटुंबाने उठायचे, आणि जमीन जिची होती त्या मतांगालीकडे परत जायची. तिचीच ती होती, यात वाद नाही.